स्मॉल, लिटल की टायनी? 'लहान'ला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं

प्रश्न विचारलाय तो टॉवेलच्या धंद्यातल्या एका मुलीनं. तिच्या आजोबांनी सोलापूरच्या पूर्व भागात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माग टाकून सुरुवात केली. आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखाना आहे आणि परदेशी बायरचे मेल, कॅटलॉग हे सगळं तिच्याकडे आलंय. ती लिहिते: "सर, स्मॉल, लिटल, टायनी, मिनिएचर, पेटीट, सगळ्यांपुढे डिक्शनरीत 'लहान' असंच लिहिलंय. मग कुठला कधी वापरायचा? मी कॅटलॉगच्या पहिल्या पानावर 'वुई आर अ लिटल कंपनी' असं लिहिलं, तर बाबांचे मित्र हसले. का हसले ते मात्र कुणी सांगितलं नाही."

त्यांनाही ते सांगता आलं असतं का, शंकाच आहे. कानाला खटकतं, पण बोट ठेवता येत नाही, अशातला हा प्रकार. मी गेली 30 वर्षं सोलापुरातल्या चादर-टॉवेलवाल्यांची इंग्रजी पत्रं लिहितोय, म्हणजे फॅक्सच्या कागदावरची अक्षरं पुसट व्हायची त्या काळापासून. संध्याकाळी क्लासही घेतो. तुमचा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. तरी मी तक्ता देणार नाही. तक्ते पाठ होतात आणि मेल लिहिताना आठवत नाहीत.

आधी घरातला शब्द घेऊ. आपल्याकडं 'बारकं' या एका शब्दावर निम्मा दिवस निघतो. बारकं पोरगं, बारकी बहीण, बारीक अक्षर, बारीक सूत, बारीक ताप, बारीक आवाज, बारीक लक्ष. आता हेच इंग्रजीत न्या. बारकं पोरगं म्हणजे लिटल बॉय. बारकी बहीण म्हणजे यंगर सिस्टर, लाडानं लिटल सिस्टर. 'स्मॉल सिस्टर' म्हटलं तर ती उंचीनं कमी आहे असं काहीतरी कानावर पडतं आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. वहीतलं बारीक अक्षर स्मॉल हँडरायटिंग, पण कराराच्या तळाशी लपवलेलं असेल तर फाइन प्रिंट. बारीक ताप स्लाइट फीव्हर, बारीक आवाज फेंट साउंड, आणि बारीक लक्ष ठेवणं म्हणजे क्लोज वॉच. इतक्या ठिकाणी 'बारीक' एकच आणि त्यात स्मॉल आला तो एकदाच.

बारीक सुताचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. 840 यार्डांची एक लड, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका काउंट. म्हणून 20 काउंटचं सूत जाड आणि 40 काउंटचं बारीक. त्या बारीकला इंग्रजीत फाइन यार्न म्हणतात. माझ्याकडं शिकायला आलेल्या एका पोरानं 'स्मॉल यार्न' लिहून पाठवलं होतं. बायरनं उलट विचारलं, कोनवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या शंकूवर, सूत कमी भरलंय का?

गंमत अशी की जुन्या इंग्रजीत स्मॉलचा अर्थ आपल्या 'बारीक'सारखाच होता: सडपातळ, अरुंद. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'श्माल' अजून अरुंद याच अर्थानं नांदतोय. कंबरेच्या वरचा पाठीचा निमुळता भाग असतो, त्याला इंग्रजीत 'द स्मॉल ऑफ द बॅक' म्हणतात. जुना अर्थ तिथं तेवढा शिल्लक राहिलाय.

आता मुख्य जोडी, स्मॉल आणि लिटल. स्मॉल हा फूटपट्टी घेऊन आलेला माणूस आहे. वस्तू मोजतो, आकडा सांगतो, गप्प बसतो. लिटल बोलला की वस्तूबरोबर बोलणाराही वाक्यात येऊन बसतो: त्याची माया, कौतुक, कीव, कधी हेटाळणी. सुनील गावसकरांना 'लिटल मास्टर' म्हणतात. 'स्मॉल मास्टर' म्हणून बघा, पाचवीच्या वर्गावर आलेला बदली मास्तर वाटतो. उलट 1969 साली चंद्रावर पाय ठेवताना नील आर्मस्ट्राँग 'वन स्मॉल स्टेप' म्हणाले, कारण पुढं लगेच 'जायंट लीप' यायची होती आणि दोन मापं समोरासमोर ठेवायची होती. 'लिटल स्टेप' म्हटलं असतं तर नुकतंच चालायला लागलेलं पोर डोळ्यांपुढं आलं असतं.

माझ्या क्लासमधली सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती सांगतो. मराठीत ज्या शब्दाला 'सा-सी-सं' लावावंसं वाटतं, तिथं इंग्रजीत बहुतेक वेळा लिटल येतो. 'घर लहान आहे' म्हटलं की चौरस फूट आठवतात, द हाऊस इज स्मॉल. 'छोटंसं घर' म्हटलं की दारातली तुळस दिसते, अ लिटल हाऊस. जरासा, थोडासा, इवलासा, एवढुसा, सगळे लिटलचे सोयरे. हा 'सं' आपल्या तोंडून कधी निघतो ते आठवा: मन जरा मऊ झालेलं असतं, किंवा समोरच्याला कमी लेखायचं असतं. 'त्याचं आपलं छोटंसं दुकान आहे' हे वाक्य दोन्ही सुरांत म्हणता येतं. लिटलचंही तसंच आहे.

बाबांचे मित्र हसले ते यामुळं. 'वुई आर अ लिटल कंपनी' हे 'आमची आपली इवलीशी कंपनी' असं ऐकू येतं. दुसऱ्यानं कौतुकानं म्हटलं तर ठीक, पण 40 फुटी कंटेनरची ऑर्डर मागणाऱ्यानं स्वतःबद्दल म्हणायची ही गोष्ट नाही. तिथं स्मॉल. पण स्मॉल लिहितानाही जपून, कारण आपल्या देशात कंपनीच्या बाबतीत या शब्दाला कायद्यानं माप लावलंय. 2006च्या एमएसएमई कायद्यात मायक्रो, स्मॉल आणि मीडियम असे तीन वर्ग आहेत. 1 एप्रिल 2025पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर मायक्रो. 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत स्मॉल. तुमच्या उद्यम सर्टिफिकेटवर, म्हणजे उद्योगाच्या सरकारी नोंदणीच्या दाखल्यावर, मायक्रो छापलेलं असेल आणि कॅटलॉगवर 'स्मॉल एंटरप्राइझ', तर कागदपत्रं तपासणारा बायर तेवढ्यावरूनही प्रश्न विचारतो.

वाक्यात बसायच्या जागाही दोघांच्या वेगळ्या. स्मॉल कुठंही बसतो. 'अ स्मॉल टॉवेल' चालतं, 'द टॉवेल इज स्मॉल' चालतं, व्हेरी स्मॉल, टू स्मॉल, स्मॉलर, सगळं चालतं. आकार सांगताना लिटल शक्यतो नामाच्या पुढ्यात बसूनच बोलतो. 'द टॉवेल इज लिटल' असं कुणी म्हणत नाही. 'लिटलर' हा शब्द डिक्शनरीत सापडेल, धंद्याच्या पत्रात नाही. एक अपवाद घट्ट आहे: 'व्हेन आय वॉज लिटल', म्हणजे मी लहान असताना. तिथं लहानपणाची आठवण निघते, त्यामुळं लिटल आपल्या घरीच असल्यासारखा असतो.

आता जो भाग सगळ्यात महाग पडतो तो. यात माझीच चूक आहे, म्हणून तपशिलात सांगतो. बरीच वर्षं झाली. एका कारखान्याच्या नेव्ही ब्लू लॉटमध्ये रंगाची अडचण आली होती. दोन वेळा डाय करूनही शेड सँपलला जुळेना. मालकांनी मेलचा मसुदा केला आणि मला फोनवर वाचून दाखवला. त्यात वाक्य होतं, 'वुई आर हॅविंग लिटल ट्रबल विथ द नेव्ही ब्लू लॉट.' मी लग्नाच्या पंगतीत होतो, कानात सनई, हातात ताट. म्हटलं, ठीक आहे, पाठवा. दुसऱ्या दिवशी बायरचं उत्तर आलं: 'ग्लॅड टु हिअर इट.' मालक खूश. "गिऱ्हाईक समजूतदार आहे हो," म्हणाले. मी उत्तर दोनदा वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या वाक्याचा अर्थ झाला होता, 'नेव्ही ब्लूमध्ये आम्हाला फारसा काही त्रास नाही.' 'ऐकून बरं वाटलं' असं तो म्हणाला, त्यात त्याचं काय चुकलं? फोन करून सगळं समजावलं तोवर त्यानं त्याच्या दुकानांना तारीख देऊन टाकली होती. पुढची ऑर्डर गेली ती गेलीच.

राहिला होता एक 'अ'. 'अ लिटल ट्रबल' म्हणजे थोडासा त्रास आहे. नुसतं 'लिटल ट्रबल' म्हणजे त्रास जवळजवळ नाहीच. मराठीत 'अ' आणि 'द'सारखे शब्दच नाहीत, म्हणून ते आपल्याला कागदावरच्या धुळीसारखे वाटतात. झटकले तरी चालतील. इथं मात्र त्या एका 'अ'नं वाक्य उलटं होतं. 'वुई हॅव अ लिटल स्टॉक' म्हणजे थोडा माल आहे, हवा तर घ्या. 'वुई हॅव लिटल स्टॉक' म्हणजे संपतच आलाय, आशा ठेवू नका. मोजता येणाऱ्या वस्तूंना हेच 'फ्यू' आणि 'अ फ्यू'मध्ये होतं: 'फ्यू कम्प्लेंट्स' म्हणजे तक्रारी जवळपास नाहीत, 'अ फ्यू कम्प्लेंट्स' म्हणजे आल्यात दोन-चार.

शेडच्या फरकाबद्दल तुम्हाला रोजच लिहावं लागेल. 'लिटल डिफरन्स' लिहिलंत तर 'फरक नाहीच' असं कबूल केल्यासारखं होतं आणि उद्या त्यावरच बोट ठेवलं जातं. 'अ स्लाइट डिफरन्स' लिहा. त्या लग्नानंतर मी एक सवय लावून घेतली आहे: धंद्याच्या मसुद्यात लिटल दिसला की पेन्सिलनं गोल करायचा आणि तिथं स्मॉल, स्लाइट किंवा सरळ आकडा बसतो का बघायचं. दहातल्या नऊ वेळा बसतो.

तुमच्या धंद्यातला दुसरा खड्डा म्हणजे स्मॉल आणि मायनर. आपण मराठीत लहान आणि किरकोळ वेगळे ठेवतो. लहान हा आकार, किरकोळ हे महत्त्व. इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये डिफेक्टचे तीन वर्ग असतात, क्रिटिकल, मेजर आणि मायनर. ते परिणामावरून ठरतात, आकारावरून नाही. टॉवेलच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं भोक असेल तर भोक स्मॉल आहे, पण डिफेक्ट मेजर लागू शकतो. कडेला लोंबणारा वीतभर धागा दिसायला मोठा, कात्रीनं कापला की संपला, म्हणून मायनर. 'देअर इज अ स्मॉल डिफेक्ट' लिहून तुम्ही भोकाचं माप सांगितलं, बायरला विचारायचं होतं माल विकता येईल का.

टायनी आणि त्याच्या भावंडांकडं वळू. टायनी म्हणजे इवलासा, एवढासा. त्यात 'खूप' आधीच भरलेलं आहे, म्हणून 'व्हेरी टायनी' बोलताना ऐकू येतं तरी लिहिताना व्हेरी वाया जातो. टायनीमध्ये थोडं आश्चर्यही असतं: 'केवढुसं आहे हे!' त्यामुळं बाळाच्या मोज्यांना शोभतो, स्पेसिफिकेशन शीटला नाही. त्याहून बारीक, डोळे बारीक करून बघावं असं काही असेल तर एक शब्द आहे ज्याचं स्पेलिंग घड्याळातल्या मिनिटाचं आणि उच्चार 'मायन्यूट'. वर्गात मोठ्यानं वाचताना सगळे त्याला मिनिटच म्हणतात. नातं खरंच आहे म्हणा. लॅटिनमध्ये 'मिनुता' म्हणजे बारीक केलेला. तासाचे पहिले बारीक भाग पाडले ती मिनिटं, आणि त्यांचे पुन्हा, दुसऱ्यांदा बारीक भाग पाडले ते सेकंद, म्हणजे 'दुसरे'. सिद्धेश्वर एक्सप्रेस फलाटावरून हलली की आपण ज्या मिनिटासाठी हळहळतो त्याचा मूळ अर्थ 'कण' असा आहे.

मिनिएचर मात्र या घराण्यातला नाही, दिसतो तेवढाच. जुन्या हस्तलिखितांत शेंदरासारख्या लाल रंगानं सजावट करत. त्या रंगाचं लॅटिन नाव मिनियम, त्यावरून पोथीतल्या चित्रांना मिनिएचर म्हणू लागले. ती चित्रं आकारानं लहान, म्हणून लहानपणाचा अर्थ नंतर चिकटला. आजच्या इंग्रजीत मिनिएचर म्हणजे मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रतिकृती. आपल्या सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेत मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. त्यातल्या एखाद्याची शोकेसमध्ये ठेवायची प्रतिकृती केली तर ती मिनिएचर. हँड टॉवेल हा बाथ टॉवेलचा मिनिएचर नाही, तो स्वतःच्या कामासाठी लहान आहे. 'मिनिएचर टॉवेल' म्हटलं की बाहुलीचा टॉवेल डोळ्यांपुढं येतो.

टॉवेलच्या बाबतीत खरं तर यातलं कुठलंच विशेषण नको. 70 बाय 140 सेंटिमीटर असला की बाथ टॉवेल, 50 बाय 100 हँड टॉवेल, 30 बाय 30 फेस टॉवेल किंवा वॉश क्लॉथ. नाव आणि सेंटिमीटर लिहिले की 'स्मॉल टॉवेल' हा शब्दच गळून पडतो. एकाचा स्मॉल दुसऱ्याचा मीडियम असतो; सेंटिमीटर सगळीकडं सारखाच.

माणसांबद्दल लिहायची वेळ तुमच्यावर कमी येईल, पण युनिफॉर्मचं काम घेणार असाल तर येईल. ठेंगणा म्हणजे शॉर्ट, फक्त उंची. अंगापिंडानं लहान असेल तर स्मॉल. आणि आपल्याकडं 'लहानखुरी' असा गोड शब्द आहे, त्याच्या अगदी जवळ जातो तो पेटीट. फक्त मोठ्या बाईला, तेही उंचीनं कमी आणि बांध्यानं नाजूक असेल तर. पुरुषाला पेटीट म्हणू नये, लहान मुलीलाही नाही. पण कपड्याच्या लेबलवर याच शब्दाचा अर्थ बदलतो. अमेरिकन साइझिंगमध्ये पेटीट हे उंचीचं माप आहे, साधारण 5 फूट 4 इंच आणि त्याखालच्या बायकांसाठी. बाहीची, कमरेपर्यंतची लांबी त्या हिशोबानं आखूड धरतात. म्हणून 'पेटीट लार्ज' असं लेबल असू शकतं आणि त्यात काही विसंगती नाही. बायरनं पेटीट मागितलं आणि तुम्ही स्मॉल कापून पाठवलंत तर माल परत.

बाकीचे भरभर. भाव, वेग, तापमान यांना स्मॉल लागत नाही, लो लागतो: लो प्राइस. 'लेस प्राइस' किंवा 'लेस रेट' हे आपल्या बाजारातलं इंग्रजी, तिथंच राहू द्या. वेळ आणि अंतर यांना शॉर्ट. 'थोड्या वेळात' म्हणून 'स्मॉल टाइम' लिहू नका, 'स्मॉल-टाइम' म्हणजे फुटकळ, दोन पैशांचा. भुरट्या चोरासाठी वापरतात. 'स्मॉल स्मॉल प्रॉब्लेम्स' ही आपल्या 'छोट्या छोट्या'ची जुळी बहीण, बोलताना गोड, लिहिताना 'अ फ्यू मायनर इश्यूज' करा. 'वी' हा स्कॉटलंडकडचा शब्द, त्यांच्या तोंडीच शोभतो. टीनी-वीनी म्हणजे इटुकला-पिटुकला, बाळांसाठी. 'कॉम्पॅक्ट' आणि 'कोझी' हे विकणाऱ्याचे शब्द: लहानपण हा गुण वाटावा म्हणून काढलेले. मशीन कॉम्पॅक्ट असतं, खोली कोझी असते. कोझी मशीन नसतं. मला वैयक्तिक 'कोझी' आवडत नाही, 10 बाय 10च्या खोलीचं भाडं वाढवायला फार वापरला गेलाय तो.

आता तुमचं पहिलं पान. तुम्ही लिहिलं होतं: 'वुई आर अ लिटल कंपनी. वुई मेक टायनी टॉवेल्स अॅट लेस प्राइस.' त्याचं मी असं करीन: 'वुई आर अ स्मॉल, फॅमिली-रन मिल इन सोलापूर. वुई मेक हँड अँड फेस टॉवेल्स अॅट लो प्राइसेस.' खाली साइझचा तक्ता, सेंटिमीटरमध्ये, आणि जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला कापडाचं वजन किती ग्रॅम ते.

दुसऱ्या पानावर आजोबांची गोष्ट आहे. तिथलं 'इट बिगॅन इन अ लिटल शेड बिहाइंड अवर हाऊस' हे वाक्य कुणीतरी खोडून वर 'स्मॉल' लिहिलेलं दिसतंय. ते पुन्हा लिटल करा. तिथं शेडची लांबी-रुंदी कुणी विचारत नाहीये.